शंकेचे चेंडू

माझ्या पेन्सिलीने ते माझ्याआधी करून टाकलं. पडद्यावर आमच्याच संघाचे दोन हात एकाच वेळी वर गेले होते, एक जावईबापूंचा आणि एक लंबूचा. चेंडू दोघांच्या बोटांना लागून मागे आमच्याच माणसाकडे गेला, आणि शेवटचं बोट कोणाचं ते कॅमेऱ्यात नीट आलं नव्हतं. अशा चेंडूपुढे मी तक्त्यात प्रश्नचिन्ह करते. तसं केलं, चित्रीकरणाचा तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला, चौथ्यांदा पाहायचा कंटाळा केला आणि चेंडू जावईबापूंच्या नावावर लिहून मोकळी झाले. यात नवीन काही नव्हतं. हंगाम संपला होता, शेवटच्या सामन्याचा तक्ता तेवढा राहिला होता, आणि तो दुपारच्या आत हातावेगळा करायचा होता. पण पुढचा तुकडा सुरू झाला तरी माझा हात कागदावरून हलेना. जावईबापूंच्या जागी खांब असता, तर हाच चेंडू मी लंबूला दिला असता. कदाचित नव्हे, नक्की दिला असता. विचार आला तेव्हा साधाच वाटला, छत्री घरी राहिली हे आठवावं तसा.

खांब म्हणजे माझा धाकटा भाऊ. कोर्टावर तो आडवा उभा राहायचा, समोरचा येऊन त्याच्यावर आपटायचा, तेवढ्यात आपला माणूस मोकळा होऊन बास्केट करायचा, टाळ्या त्या माणसाला. म्हणून खांब. मी या बास्केटबॉल क्लबची आकडेवाली. स्कोअरबोर्डवर येतं ते मोजायला टेबलापाशी माणसं असतात. मी मोजते ते स्कोअरबोर्डवर न येणारं. कोणी आडोसा दिला, कोणाचं बोट लागून चेंडू आपल्याकडे आला, कोण धावायचं सोडून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. खेळाडू मला मागून मोजपट्टी म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही असं ते समजतात. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली आहे, त्यामुळे छत तिरपं. दाराशी ताठ उभं राहता येतं, टेबलापाशी येईपर्यंत मान खाली जाते. चार वर्षं मी याच खोलीत मान खाली घालून लोकांची किंमत ठरवली, आणि कोणी ब्र काढला नाही. मोजपट्टी वाकडी असते असं कोण म्हणतं?

सकाळी दहाला मॅनेजर दोन कामं घेऊन आले होते. पहिलं मालकांचं. चारच्या बैठकीत त्यांना एक पान हवं होतं: गेल्या वर्षी खांब आणि आणखी एक खेळाडू देऊन जावईबापूंना आणलं, ती अदलाबदल फायद्याची झाली की नाही. जावईबापूंचा करार वाढवायचा तो त्यावर. दुसरं काम सांगताना मॅनेजर जरा घुटमळले.

"दुसरं तुझ्या घरचंच आहे," ते म्हणाले. "खांबला ठेवायचं की सोडायचं, ते त्याच्या क्लबला आज संध्याकाळी सहाच्या आत ठरवायचंय. त्यांच्या आकडेवाल्याने आपले तीन हंगामांचे तक्ते मागितलेत. मी पाठवतो म्हणालो."

"अधिकृत आकडे आहेत की त्यांच्याकडे."

"त्यांना तुझे हवेत. काय म्हणाला माहितेय? तुमच्या बाईंचं पान आलं की आम्ही डोळे झाकून सही करतो. सख्ख्या भावालाही सोडत नाहीत म्हणे."

मॅनेजरांनी हे कौतुकाने सांगितलं आणि मी कौतुकानेच ऐकलं. खोटं कशाला बोलू, मान थोडी ताठ झाली. हे दहा वाजता. अकरा वाजता मी त्याच तक्त्यांच्या तीन फायली समोर ठेवून बसले होते आणि हात लावायला धजत नव्हते. भाऊ बत्तीस वर्षांचा आहे. बत्तिसाव्या वर्षी एका क्लबने सोडलेल्या माणसाला दुसरा उचलत नाही. तक्ते होते तसे गेले तर सहा वाजता त्याचा खेळ संपणार होता. आणि त्या तक्त्यांत किती चेंडू मी असेच, चौथ्यांदा न पाहता, त्याच्या हातून काढून घेतले होते, ते मला ठाऊक नव्हतं.

ती अदलाबदल आमच्याच मोठ्या खोलीत झाली. जावईबापूंच्या जुन्या क्लबला दोन माणसं हवी होती, एक लांबून बास्केट करणारा आणि एक उंच. लांबून करणाऱ्याचं ठरलेलं होतं. उंच दोन होते, लंबू आणि खांब. कोच म्हणाला, माझ्यासाठी दोघे सारखेच, आकडे काय म्हणतात? भिंतीवर माझा तक्ता होता. लंबू खांबच्या वर होता, फार नाही, बोटभर. सगळे तक्त्याकडे पाहून झाल्यावर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "आकडे समोर आहेत." तीन शब्द. मालक म्हणाले, याला म्हणतात काम. मला पाणी हवं होतं, पण तेव्हा मागितलं तर घसा कोरडा पडलाय हे दिसेल म्हणून मागितलं नाही. घरी आईला सांगितलं तेव्हा ती टॉवेलच्या घड्या घालत होती. "तू काही बोलली नाहीस?" तिने विचारलं. मी म्हणाले, माझ्या बोलण्याचा प्रश्नच नव्हता. "नव्हता का," ती म्हणाली, आणि पुढचा टॉवेल घेतला. भाऊ दोन बॅगा भरून नऊ तासांवरच्या शहरात गेला. स्टेशनवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता तुला निवांत मोजता येईल." मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं आणि त्याला दुसरी बाजू असेल का, अशी शंका आली.

आमचे वडील शिक्षक होते, आणि त्यांच्याच वर्गात मी एक वर्ष काढलं. गणिताच्या पेपरात माझी सगळी उत्तरं बरोबर होती आणि मला पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. पेपर घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेले नाही, घरी विचारलं. ते चपला काढत होते. "एक कुठे गेला?" तर म्हणाले, "घरच्याला एक कमी द्यावा. मग कोणाला बोलायला जागा राहत नाही." त्या वर्षी पहिला नंबर पन्नास मिळालेल्या मुलीचा आला. ती चांगली मुलगी होती, तिच्याशी मी वर्षभर बोलले नाही. वडिलांवरचा राग मी पुढे कित्येक वर्षं जपला, आणि मोठेपणी लोकांना हा किस्सा अभिमानाने सांगू लागले, तो राग नेमका कधी अभिमान झाला ते काही लक्षात येत नाही. क्लबात लागले तेव्हा खांब आधीच संघात होता. तीन वर्षं मी दुसऱ्या खेळाडूंच्या शोधासाठी गावोगाव फिरत मोजायचे. मग आमच्या संघाचे तक्ते माझ्याकडे आले. मॅनेजर म्हणाले, घरचं माणूस संघात आहे, जरा जपून. मी म्हणाले, त्याला माझ्या हातून पाव चेंडूही फुकट मिळणार नाही. तो शब्द मी पाळला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं मला कोणी म्हणू नये, म्हणून मी आपल्या बाब्यालाच कार्टं करून टाकलं.

फायली उघडल्या. प्रश्नचिन्हं मी खोडत नाही, बाजूला बारीक ठेवते, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. खांब आणि लंबू या दोघांमधले शंकेचे चेंडू पहिल्या हंगामात एकाहत्तर. दुसऱ्या हंगामात चव्वेचाळीस. तिसऱ्यात एकोणीस. एकूण एकशे चौतीस, आणि त्यातले खांबला दिलेले नऊ. मी ते नऊ तीनदा मोजले. नऊच्या पुढे एखादा आकडा राहून गेला असेल म्हणून पानं उलटी करून पाहिली. वर कोर्टावर कोणीतरी एकटाच चेंडू आपटत होता आणि प्रत्येक आपटीला माझ्या तिरप्या छतातली नळी थरथरत होती. एकदा वाटलं, सरळ बसावं, एकशे चौतीसही नव्याने पाहावे आणि ज्याचे त्याला द्यावेत. मग लक्षात आलं की ते करायला मी सोडून जगातलं कोणीही चालेल. आज माझा हात त्याच्या बाजूने वळेल. भावाच्या क्लबने ठरवायच्या दिवशी बहिणीने तक्ते दुरुस्त केले, हे शेंबड्या पोरालाही पटणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नसतं. इतकी वर्षं लोकांचा विश्वास कमावला, आणि त्यातला माझ्या वाट्याला काहीच उरला नव्हता.

शेजारच्या खोलीत कपड्यांच्या मावशी हंगामाच्या जर्सी घड्या करून खोक्यांत भरत होत्या. साठीच्या आहेत, बावीस वर्षं संघाचे कपडे धुतात, आणि आजवर एकही सामना त्यांनी पूर्ण पाहिलेला नाही. त्या वेळी त्यांच्या मशिनी चालू असतात. मी दारात जाऊन म्हणाले, "मावशी, तासभर बसाल का माझ्याजवळ? दोन हात दिसतील, चेंडू शेवटी कोणाच्या हाताला लागला एवढंच सांगायचं."

"मला त्यातलं काही कळत नाही गं."

"म्हणूनच."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि माझ्या खुर्चीत बसल्या. मी मागे उभी राहिले, पडद्याकडे पाठ करून, कागद भिंतीला धरून. त्यांनी फक्त जर्सीचा नंबर सांगायचा. खांब बारा, लंबू पंधरा. पहिले दोनचार तुकडे त्यांनी मागे नेऊन पुन्हा दाखवायला लावले, मग त्यांची नजर बसली. "बारा," त्या म्हणत. "बारा. पंधरा. बारा. हा नाही सांगता येत. बारा." प्रत्येक बाराला मी कागदावर एक रेघ ओढत गेले. विसाव्याच्या आसपास मी न राहवून विचारलं, तुम्हाला कसं कळतं?

"मनगट बघते की. ज्याने मारला त्याचं मनगट वळतं, दुसऱ्याचं नुसतंच वर असतं. पिळताना नाही का कळत, कोण जोर लावतंय ते." मग हळूच म्हणाल्या, "हा बारा नंबर तुझा भाऊ ना? त्याच्या जर्सीचा डावा खांदा दर आठवड्याला उसवायचा. मी म्हणायचे, हा खेळतो की मार खातो?"

मनगटाचं मला माहीत नव्हतं असं नाही. नव्या मुलांना मीच शिकवते. पण त्यासाठी चौथ्यांदा पाहावं लागतं, आणि त्याच्या बाबतीत मी तिसऱ्यांदाच थांबत होते. थांबणं म्हणजे काही करणं नव्हे, म्हणून ते कधी चूक वाटलंच नाही. वडिलांनी निदान लाल शाईने एक कापला होता. मी काहीच कापलं नव्हतं, फक्त पाहिलं नव्हतं.

मध्येच दार वाजलं. जावईबापू, पाठीला बॅग, सुट्टीवर निघालेले. हे नाव त्यांना बसच्या ड्रायव्हरने दिलं: ते आल्यापासून पुढची सीट त्यांची, खिडकी त्यांची, आणि सगळ्यांनी हसून बोलायचं. नाकापेक्षा मोती जड होणार असं आम्ही सगळे पहिले दोन महिने म्हणत होतो. वर्षभर मी या माणसाला नावं ठेवायची संधी शोधत होते, आणि तो ती देत नव्हता. सरावाला पहिला यायचा. हरल्यावर कोणाकडे बोट दाखवायचा नाही.

"निघतो, ताई," ते म्हणाले. "शेवटच्या सामन्याचा तक्ता झाला का? तिसऱ्या भागात मी आणि लंबू एकदम उडालो होतो बघा. तो चेंडू लंबूचा होता. माझ्या नावावर लिहिला असेल तर बदला."

मी म्हणाले, बदलते. ते मावशींना हात जोडून गेले. मला त्यांचा राग आला, आणि राग यायचं काही कारण नव्हतं. ज्याला सगळं मिळतं त्याला एक चेंडू परत करणं जड जात नाही. पण तो परत केला, हेही खरं. मावशी म्हणाल्या, "चांगलं पोर आहे," आणि मी पुढचा तुकडा लावला.

दीड वाजता हिशेब माझ्यासमोर होता. खांब ऐंशी, लंबू एकतीस, सांगता न येणारे तेवीस. मावशी खोके भरायला परत गेल्या, जाताना पाठीवर हात फिरवून गेल्या, म्हणजे माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मी तीनही हंगामांचं गणित नव्याने मांडलं. खांब लंबूच्या वर गेला. बोटभर नव्हे, चांगला हातभर. मग मालकांचा प्रश्न घेतला, आणि मान्य करते, इथे मला एक उत्तर हवं होतं. अदलाबदल तोट्याची निघावी असं मला वाटत होतं. दोन चांगली माणसं देऊन आम्ही एक देखणं ओझं आणलं, असं पान लिहायला माझा हात शिवशिवत होता. मी ते तीन तऱ्हांनी करून पाहिलं. खांबचे सगळे चेंडू त्याला देऊन, वर त्याच्या आडोशांचं वजन वाढवून, जावईबापूंच्या दुखापतीचे अकरा सामने कापून. प्रत्येक वेळी तेच. जावईबापू होते तेव्हा आम्ही जास्त जिंकलो, ते कोर्टावर असताना इतर चौघांना जागा जास्त मिळाली, नवखी मुलंही त्यांच्यामुळे सुधारली. अदलाबदल फायद्याचीच होती. फक्त द्यायचा माणूस लंबू होता.

खांबचा तिसरा हंगाम मात्र मला सुटेना. एकाहत्तर, चव्वेचाळीस, एकोणीस. शंकेचे चेंडू कमी झाले होते, कारण गर्दीत उडी मारून बोटाने चेंडू मागे ढकलणं त्याने जवळजवळ सोडलं होतं. पहिल्या वर्षी तो ते डोळे मिटून करायचा. त्याचं बोट लागायचं आणि आमचा माणूस पळत सुटलेला असायचा. तिसऱ्या वर्षी तो चेंडू दोन्ही हातांनी पकडायचा, पोटाशी घ्यायचा, पाय रोवायचा, मग कोणाला तरी द्यायचा. तोवर समोरचे परत आलेले. कोच म्हणायचा, खांब जड झाला. मीही शेऱ्यात तेच लिहिलं होतं: वयाचा परिणाम. ते काही माझ्या चुकीत येत नव्हतं, म्हणून मी ते तसंच ठेवलं.

दोन वाजता पान लिहिलं. वर: अदलाबदल फायद्याची. खाली: दिलेला खेळाडू चुकीचा निवडला गेला, त्याची मोजणी माझ्याकडून तीन हंगाम कमी झाली, तो माझा भाऊ आहे म्हणूनच झाली. मॅनेजरांनी ते उभ्यानेच वाचलं, आणि मग बसून वाचलं.

"मालकांनी विचारलंय हो की नाही," ते म्हणाले. "तुझं उत्तर काय?"

"हो."

"मग झालं की. खालचं कशाला? हात दाखवून अवलक्षण."

"खालचंही खरं आहे."

"असेल. पण हे वाचल्यावर तुझा एक तरी आकडा कोणी मानेल का? भावाला कमी दिलं तर आणखी कोणाला जास्त दिलं असशील, हेच विचारतील. लंबूचा करार याच आकड्यांवर झालाय. तो काय म्हणेल?" त्यांनी पान आडवं दुमडलं, वरची ओळ वर, बाकीचं मागे. माणूस वाईट नाही. मला नोकरीवर ठेवण्यासाठी ते तेव्हा भांडले होते. "तू फक्त मान हलव. खालचं मी पाहिलंच नाही."

माझी मान हलायला अगदी तयार होती, हे मी लपवत नाही. या तिरप्या छताखालची खोली मला आवडते. दुसरं काम मला येत नाही, आणि मोजपट्टी या नावाचा मला आतून गर्वच होता. मी म्हणाले, "दुमडू नका. नाहीतर मी वर येऊन वाचून दाखवेन." त्यांनी पान उलगडून फायलीत ठेवलं. "एरवी बोलत नाहीस ती आज बोलायला लागलीस," ते म्हणाले, आणि दार न लावताच गेले.

भावाच्या क्लबच्या आकडेवाल्याला मी जुने तक्ते जसेच्या तसे पाठवले, सोबत एकशे चौतीस तुकडे आणि एक पत्र: हे तक्ते चुकलेत, माझ्या दुरुस्तीवर विश्वास ठेवू नका, मनगटं पाहा. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. तरुण आवाज, घाईतला.

"मॅडम, एवढे तुकडे सहाच्या आत कोण बघणार? आमची बैठक साडेपाचला आहे. आणि खरं सांगू? हे सगळं आजच बरं सापडलं."

"आजच शोधलं. आधी शोधायला हवं होतं."

"मला कळतं हो. पण मी वर काय सांगू? एक सांगा. तक्ते बाजूला ठेवा. तुम्ही त्याला सगळ्यात जास्त पाहिलंय. तुम्ही असतात तर ठेवला असता का?"

माझ्या तोंडात 'आकडे समोर आहेत' हे आलं होतं. शब्द जिभेवर होते, चवीसकट. सगळ्या आयुष्यात मी त्याच्याबद्दल चारचौघांत एक चांगलं वाक्य बोलले नव्हते. शाळेच्या संघात त्याची निवड झाली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, भाऊ नाव काढणार. मी म्हणाले, बघू या, उंची आहे म्हणून घेतलाय. तो शेजारीच उभा होता, अकरा वर्षांचा. पायातल्या बुटांकडे पाहत होता. फोनवरचा माणूस वाट पाहत होता.

"ठेवला असता," मी म्हणाले. "तो फार चांगला खेळाडू आहे."

तो हसला, वाईट हेतूने नव्हे. "सख्खी बहीण आहात. तुम्ही दुसरं काय म्हणणार?"

हेच ते वाक्य. यालाच घाबरून मी तीन हंगाम चौथ्यांदा पाहिलं नव्हतं. ऐकल्यावर काही कोसळलं नाही. फक्त वाईट वाटलं, की इतकंच होतं.

"हो, बहीण आहे," मी म्हणाले. "निदान वीस तुकडे बघा. कोणतेही वीस."

"बघतो," तो म्हणाला. बघेल की नाही ते कळलं नाही.

मग भावाला फोन लावला. त्याच्यामागे बूट करकरत होते, चेंडू आपटत होते. बैठकीआधी त्यांच्या कोचने शेवटचा सराव ठेवला होता. मी सगळं एका दमात सांगितलं. एकशे चौतीस, नऊ, ऐंशी. मावशी, मनगट, पान. मी भराभर सांगत गेले. संपल्यावर तो म्हणाला, "ताई, अगं, ते माहितेय सगळ्यांना."

"काय माहितेय?"

"लंबू हसायचा ना. म्हणायचा, आज तुझ्या ताईने मला तीन दिले, पार्टी देतो. सगळ्यांना माहीत होतं. दोघांत गेला की तो माझा नाही."

"मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? माझी बहीण मला कमी देते? आणि तू बाबांसारखी मान ताठ करून चालायचीस. बरं वाटायचं बघायला. शिवाय मी उपाय केला होता की. म्हटलं, बोटाने मारला तर ताईला शंका येते. दोन्ही हातांनी घट्ट धरला तर येणार नाही. म्हणून टॅप करायचं सोडलं. धरायला लागलो. थोडा वेळ जास्त जायचा, पण निदान तुझ्या तक्त्यात माझं नाव यायचं."

मी खुर्चीत बसले. खुर्ची आहे का ते न पाहताच बसले. वयाचा परिणाम, असं माझ्या अक्षरात लिहिलेलं समोर होतं. कोच म्हणत होता जड झाला, आणि तो माझ्यासाठी चेंडू पोटाशी धरून उभा राहत होता. ऐंशी चेंडू परत देता आले असते. हे कुठल्या रकान्यात लिहून परत द्यायचं? मी त्याला सॉरी म्हणाले. आमच्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही, त्यामुळे तो नीट निघालाही नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी पुसत नव्हते.

"रडू नकोस गं," तो म्हणाला. त्याच्यामागे शिट्टी वाजली, कोणीतरी त्याला हाक मारली. "जातो. कोच बघतोय आज." पण तो गेला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता, उड्या मारून आलेल्या माणसाचा. मग त्याने विचारलं, आवाज खाली आणून, लहानपणी परीक्षेला जाताना विचारायचा तसं:

"ताई, आज काय करू? टॅप करू की धरू?"

त्याच्या खेळाबद्दल मी त्याला कधीही काही सांगितलं नव्हतं. ते माझं काम नव्हतं. समोरच्या फायलींवर माझ्या हाताची सगळी प्रश्नचिन्हं होती, आणि इथून नऊ तासांवर मोजणारा माणूस वेगळा होता, घाईतला, ज्याला मनगटं बघायला वेळ असेल की नाही ठाऊक नव्हतं.

"टॅप कर," मी म्हणाले.

"आणि त्यांनी नाही मोजला तर?"

"तर नाही मोजला. तू टॅप कर."

"बरं," तो म्हणाला. फोन बंद करायचं विसरून त्याने तो बाकावर ठेवला असावा, कारण आवाज येतच राहिले. बूट, शिट्टी, चेंडूची आपट, दोनचार जण एकदम उडाल्याचा आणि एकदम उतरल्याचा धप्प आवाज, आणि मग कोणीतरी पळत सुटलेलं. चेंडू कोणाचं बोट लागून गेला होता ते तिथून कळत नव्हतं. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले.